कुंटणखान्यातून सुटका झाली, मग घरी कोण पाठवणार? बांगलादेश-नेपाळच्या बायका आणि दोन सरकारांमधला कागद

शिउली

गेल्या काही महिन्यांत या चर्चामंचावर बांगलादेशी घुसखोरांवर दोन-तीन मोठे धागे झाले. सगळे वाचले. त्यात ज्यांना विकून इकडे आणलं जातं त्या बायका-मुलींचा उल्लेख जवळजवळ नव्हता, म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

माझं लहानपण खरगपूरच्या रेल्वे कॉलनीत गेलं, त्यामुळे बंगाली घरच्यासारखं येतं. त्या जोरावर मुंबईजवळच्या एका महिला संरक्षणगृहात अधूनमधून दुभाषी म्हणून जाते. संस्था कुठली, मुली कोण, हे लिहिणार नाही आणि कृपया कोणी विचारू नये.

होतं ते असं. बांगलादेशातल्या सातखिरा, जशोर, खुलना या सीमेलगतच्या पट्ट्यातली मुलगी. कोणीतरी ओळखीचा माणूस, कधी नात्यातलाच, पार्लरमध्ये किंवा घरकामाला लावतो म्हणून रात्री सीमा ओलांडून बनगाव किंवा बसीरहाटच्या बाजूला आणतो. तिथून हावडा, हावड्याहून मुंबई, पुणे नाहीतर बंगळूरू. वाटेत ती दोन-तीनदा हातोहात विकली गेलेली असते, आणि बऱ्याचदा तिला ते शेवटच्या ठिकाणी पोचल्यावरच कळतं. पोलिसांची धाड पडते, 'पिटा' (अनैतिक व्यापार प्रतिबंधक) कायद्याखाली मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात, तिथून संरक्षणगृहात. बातमी इथे संपते. तिचा पुढचा प्रवास इथून सुरू होतो.

पहिली अडचण, ती स्वतःचं खरं नाव-गाव सांगत नाही. दलालाने पढवून ठेवलेलं असतं: मालदाची (म्हणजे पश्चिम बंगालची) आहे म्हण, नाहीतर थेट जेलमध्ये जाशील. हातात एखादं बनावट आधार कार्ड. मग समुपदेशक ताई आणि मी तिच्याशी नुसतं बोलत बसतो. गावचा हाट कुठल्या वारी भरतो? नदी ओलांडायला होडी लागते की पूल झालाय? शाळेसमोर काय होतं? एका मुलीला उपजिल्ह्याचं नाव काही केल्या आठवेना, पण जशोरच्या बसस्टँडवरून शेवटच्या स्टॉपला उतरून मग व्हॅनने (म्हणजे तिकडची सायकलला जोडलेली सपाट गाडी) अमुक बाजारापर्यंत जायचं, हे तिला पाठ होतं. त्या बाजाराच्या नावावरून तिकडच्या संस्थेने तिचं गाव शोधलं.

पण गाव सापडलं म्हणजे ती घरी गेली असं नसतं. माहिती आपल्या महिला व बालविकास विभागाकडून मुंबईतल्या बांगलादेशच्या उप-उच्चायुक्तालयात जाते, तिथून ढाक्याला गृह मंत्रालयात, तिथून जिल्ह्याच्या पोलिसांकडे. ते घरी जाऊन खातरजमा करतात. सगळं जुळलं की उलट्या वाटेने होकार येतो, मग प्रवास परवाना निघतो, मग आपल्याकडची परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाची परवानगी, कोर्टाचा आदेश, पोलीस बंदोबस्त, रेल्वेची तिकिटं. शेवटी पेट्रापोल-बेनापोलच्या फाटकावर बीएसएफ तिला बीजीबीच्या (बांगलादेशच्या सीमा रक्षक दलाच्या) ताब्यात देतं. यातला एक कागद अडला की सगळंच अडतं. महिने जातात, काहींच्या बाबतीत वर्षं. आणि या सगळ्या काळात गुन्हा जिच्यावर झाला ती कुलूपबंद घरात असते.

दोन्ही सरकारांनी यावर काही केलंच नाही असं नाही. ६ जून २०१५ला ढाक्यात मानवी तस्करी रोखण्याबाबत सामंजस्य करार झाला. सीमाकरारामुळे तो दिवस गाजला आणि हा कागद बातम्यांत मागे पडला. सुटका, परतपाठवणी आणि पुनर्वसन यासाठी दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचा संयुक्त कृतिगट आहे, कार्यपद्धती ठरलेली आहे. ज्या अधिकाऱ्यांनी ती मनावर घेतली त्यांच्या काळात फायली हललेल्या मी स्वतः पाहिल्यात.

मात्र ऑगस्ट २०२४मध्ये ढाक्यात सत्तांतर झालं, संबंध बिघडले, आणि मे २०२५पासून तर माणसं सरळ सीमेपलीकडे ढकलल्याच्या बातम्या येऊ लागल्या. माझं म्हणणं एवढंच आहे: विकली गेलेली बाई फाटकातून, कागदावर, समोरच्याने सही करून घेतलेली अशीच परत गेली पाहिजे. रात्री शेतातून ढकललेली बाई पुन्हा त्याच दलालाच्या हाती लागते, कारण त्या पट्ट्यात त्या वेळी तोच हजर असतो.

तुम्हाला काय वाटतं?

सह्यकडा

धागा प्रामाणिक आहे, म्हणून प्रामाणिकपणेच लिहितो. माझा भाऊ सीमा सुरक्षेच्या नोकरीत होता. चार हजार किलोमीटरच्या वर सीमा, बरीचशी नदी-नाले आणि घरांच्या परसातून जाणारी. माणूस कशासाठी आला हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. उद्या पकडलेली प्रत्येक बाई म्हणेल मला फसवून आणलं. मग पोलिसांनी काय करायचं? आणि तिला वर्षानुवर्षं संरक्षणगृहात ठेवायचा खर्च महाराष्ट्राने का करायचा? लवकर परत पाठवणं हे तिच्याही भल्याचंच नाही का?

विधिज्ञ_ठाणे

@सह्यकडा, तुमचा पहिला प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर सरकारनेच देऊन ठेवलंय. केंद्रीय गृह मंत्रालयाने १ मे २०१२ला सर्व राज्यांना सूचनापत्र पाठवलं. परदेशी स्त्री किंवा मूल व्हिसाशिवाय सापडलं, आणि तपासात दिसलं की ती स्वखुशीने आलेली नाही, गुन्ह्यात तिचा हात नाही, तर परकीय नागरिक कायद्याखाली तिच्यावर दोषारोपपत्र दाखल करू नये. दाखल झालं असेल तर खटला मागे घ्यायची पावलं उचलावीत. आणि परराष्ट्र मंत्रालयामार्फत राजनैतिक मार्गाने तिला मायदेशी पाठवावं. म्हणजे चौकशी करायचीच आहे. प्रत्येकीचं म्हणणं डोळे मिटून मान्य करा असं त्यात कुठेही नाही.

अडचण वेगळी आहे. आमच्या कोर्टात जे दिसतं ते सांगतो. बाई कुंटणखान्यात सापडली तर ती पीडित ठरते, संरक्षणगृहात जाते. तीच बाई, त्याच दलालाने आणलेली, मीरा रोडला कोणाच्या घरी बिनपगारी राबताना किंवा चाळीतल्या कोंबिंग ऑपरेशनमध्ये सापडली तर आरोपी ठरते. तिला कोणी विचारतच नाही की कोणी आणलं, पैसे कोणाला मिळाले, बाहेर जायची मुभा होती का. आता १९४६चा जुना कायदा गेला, त्याजागी २०२५चा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट आला. कागदपत्रांशिवाय प्रवेशाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा, पाच लाखांपर्यंत दंड. शिक्षा वाढली, त्यामुळे ही पहिली चौकशी नीट होणं आणखी गरजेचं झालं.

मानवी व्यापार हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३खाली गुन्हा आहे, आणि त्यात पीडितेची संमती होती की नव्हती हा मुद्दाच ग्राह्य नाही. 'ती आपल्या पायाने चालत आली' हा बचाव तिथे टिकत नाही.

रानजाई

मी या विषयात फार जुनी आहे. १९९६च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुंबईत मोठ्या धाडी पडल्या, तेव्हा मी समाजकार्याची विद्यार्थिनी होते. शेकडो मुली एकदम बाहेर काढल्या गेल्या आणि त्यात दोनशेच्या वर नेपाळच्या होत्या. शासकीय गृहांत जागा नव्हती, अंथरुणं नव्हती, नेपाळी बोलणारं कोणी नव्हतं. आम्हा विद्यार्थ्यांना नावं लिहून घ्यायला बसवलं होतं. बहुतेकींचं लिहिलेलं नाव त्यांचं नव्हतंच.

आणि नेपाळ सरकारने त्यांना परत घ्यायला महिनोन् महिने लावले. यांचं नागरिकत्व सिद्ध होत नाही, हे एक कारण. त्या काळी नेपाळमध्ये नागरिकतेचा दाखला बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावावर मिळायचा. ज्या मुलीला बापाने किंवा नवऱ्यानेच विकलं तिने तो आणायचा कुठून? दुसरं कारण एचआयव्हीची भीती, तिथल्या वर्तमानपत्रांत तसं उघड लिहून येत होतं. शेवटी काठमांडूतल्या स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या, आम्ही सांभाळतो म्हणाल्या आणि जुलैमध्ये शंभरावर मुलींना घेऊन गेल्या. दोन सार्वभौम देश, खुली सीमा, १९५०चा मैत्री करार, दिल्लीत दूतावास. एवढं असून काम संस्थांना करावं लागलं.

त्या परतलेल्या मुलींमधल्याच काहींनी त्याच वर्षी 'शक्ती समूह' ही संघटना काढली. स्वतः विकल्या गेलेल्या बायकांनी चालवलेली. २०१३मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज सीमेवर येणाऱ्या मुलींशी बोलायला, कोर्टात त्यांच्याबरोबर उभं राहायला या बायका असतात.

शिउलीच्या लेखातली एक गोष्ट मात्र मला तपासून घ्यावीशी वाटते. सगळ्यांना घरी जायचंच असतं, असं धरून चालू नये. १९९६मध्येही सगळ्यांना जायचं नव्हतं आणि त्यांना कोणी विचारलं नाही. काही सज्ञान होत्या, काहींची मुलं इथल्या शाळेत होती, काहींना ठाऊक होतं की गावात कोणी दारात उभं करणार नाही. सुटकेच्या नावाखाली बाईला एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत टाकलं तर त्याला मदत म्हणवत नाही.

खाडीपलीकडे

मी अठरा-वीस वर्षं शारजात आहे. नेपाळचा विषय निघालाय म्हणून मुंबईचा एक धागा जोडतो, तो आपल्याकडे फारसा माहीत नसावा.

इथे घरकामाला असलेल्या नेपाळी बायकांना विचारलं की कशा आलात, तर बऱ्याच जणी काठमांडूच्या विमानतळाचं नाव घेत नाहीत. सीमेवरच्या सुनौली किंवा रक्सौलवरून बसने दिल्ली, नाहीतर मुंबई, आणि तिथून विमान. कारण त्यांच्या सरकारने बंदी घातलेली. १९९८मध्ये कुवेतमध्ये एका नेपाळी घरकामगार बाईचा छळ आणि मृत्यू झाला, त्यावरून आखाती देशांत बायकांना पाठवण्यावर निर्बंध आले. पुढे उठले. २०१२मध्ये तीस वर्षांखालच्या बायकांना आखातात घरकामाला जायला मनाई. २०१७मध्ये घरकामासाठी सरसकट बंदी. प्रत्येक वेळी हेतू रक्षणाचाच होता. पण घरी कर्ज तेवढंच, नवरा परागंदा नाहीतर आजारी, आणि इकडे घरकामाला माणूस हवाच. बंदीमुळे जाणं थांबलं नाही, फक्त सरकारी नोंद, विमा, करारपत्र हे सगळं सुटलं. दलालाचा भाव तेवढा वाढला.

भारतातून तिसऱ्या देशात जाणाऱ्या नेपाळी कामगाराला त्यांच्या दिल्लीतल्या दूतावासाचं ना-हरकत पत्र लागतं. हा नियमही रक्षणासाठीच. मी ज्यांना भेटलो त्यांच्यापैकी काहींकडे ते पत्र होतं आणि ते खोटं होतं, हे त्यांना स्वतःला इथे अडकल्यावर कळलं. नियम एका देशाचा, विमानतळ दुसऱ्याचा, मालक तिसऱ्याच देशातला. तिघांनी एकत्र बसून ठरवल्याशिवाय हे सुटणार नाही, आणि तिघं एकत्र बसलेले मी अजून ऐकलेलं नाही.

२०१५चं गुरगावचं प्रकरण आठवत असेल. भूकंपानंतर कामासाठी घराबाहेर पडलेल्या दोन नेपाळी बायका एका सौदी मुत्सद्द्याच्या फ्लॅटमधून सोडवल्या. बलात्काराचे, कोंडून ठेवल्याचे आरोप. व्हिएन्ना कराराचं संरक्षण असल्याने त्याला अटक करता आली नाही आणि तो देश सोडून गेला. त्या दोघी काठमांडूला परत गेल्या. इथल्या नेपाळी लोकांमध्ये त्यावर फार संताप होता, आणि मला भारतीय म्हणून त्यांच्यापुढे बोलायला काही सुचत नव्हतं.

अबोली७

वाचतेय. सगळ्यांनी इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. एक प्रश्न: मुलगी परत गेली तर दलालाविरुद्ध साक्ष कोण देणार? आणि साक्षीसाठी थांबवून ठेवलं तर ती इथेच अडकली. यातून मार्ग आहे का?

विधिज्ञ_ठाणे

@अबोली७, हाच खरा पेच आहे. खटला चालू आहे म्हणून मुलीला संरक्षणगृहात ठेवायचं, आणि आरोपी जामिनावर बाहेर. असं सर्रास व्हायचं.

मार्ग आहे आणि तो महाराष्ट्राच्याच एका खटल्यातून निघाला. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रफुल्ल देसाई', २००३. साक्षीदार परदेशात असेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने साक्ष घेता येते, ती आरोपीच्या उपस्थितीतली साक्षच मानली जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. तो खटला वैद्यकीय हलगर्जीचा होता, पण मुंबईच्या न्यायालयांत त्या आधारावर बांगलादेशात परतलेल्या मुलींच्याही साक्षी झाल्या आहेत. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३०ने इलेक्ट्रॉनिक माध्यमातून साक्ष घेणं सरळ कायद्यातच आलं.

प्रश्न उरतो तो पलीकडच्या टोकाचा. मुलीने कुठे बसून बोलायचं? पडद्यावर दिसणारी बाई तीच आहे याची खात्री कोणी द्यायची? ती बोलताना खोलीत दलालाचा माणूस नाही हे कोण बघणार? तिला जिल्ह्याच्या गावी येण्याचं भाडं कोण देणार? भारत-बांगलादेशात फौजदारी बाबींत परस्पर सहाय्याचा करार २०१०पासून आहे, त्याखाली हे मागता येतं. पण विनंती गृह मंत्रालयांमार्फत जाते आणि तारीख दर वेळी पुढे पडते. माझ्या मते दोन्हीकडच्या संयुक्त बैठकांमध्ये सगळ्यात आधी हा विषय घ्यायला हवा: जशोर, खुलना, सातखिरा इथल्या जिल्हा न्यायालयात एकेक खोली आणि एक नेमून दिलेला अधिकारी. बाकी मोठमोठे मसुदे नंतर.

सह्यकडा

२०१२च्या सूचनापत्राची माहिती मला नव्हती. ते सगळ्या पोलीस ठाण्यांपर्यंत पोचलंय का, हा प्रश्न माझा भाऊही विचारेल.

तरी एक मुद्दा सोडत नाही. बाईला परत पाठवलं, दलाल पुढच्या महिन्यात दुसरी आणतो. त्याला धरणारं काही आहे का? बांगलादेश आपल्याला माणूस देतो का?

शिउली

@सह्यकडा, भाऊंना जरूर विचारा आणि जमलं तर इथे लिहा. सीमेवरच्या माणसाचं म्हणणं यात हवंच आहे.

दलालाबद्दल: प्रत्यार्पण करार २०१३मध्ये झाला, २०१६मध्ये तो आणखी सोपा केला. बांगलादेशचा स्वतःचा मानवी तस्करीविरोधी कायदा २०१२चा आहे, तो बराच कडक आहे, आणि २०२०मध्ये त्यांनी त्यासाठी विशेष न्यायाधिकरणं स्थापन केली. म्हणजे आणणारा आणि ठेवणारा, दोघांना दोन्हीकडे शिक्षा होऊ शकते.

मनावर घेतलं तर काय होतं याचं उदाहरण म्हणजे २०२१चं बंगळूरूचं प्रकरण. एका मुलीच्या छळाचा व्हिडिओ पसरला. आसाम पोलिसांनी आरोपींचे चेहरे लोकांपुढे ठेवले, ढाका पोलिसांनी टिकटॉकवरून मुली जमवणाऱ्या टोळीतला माणूस ओळखला, बंगळूरू पोलिसांनी काही दिवसांत पकडले. मुलगी आणि बहुतेक आरोपी बांगलादेशीच. वर्षभरात, मे २०२२मध्ये, निकाल लागला आणि सात जणांना जन्मठेप झाली. तिथे व्हिडिओ होता, जनक्षोभ होता. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलींकडे व्हिडिओ नसतो, म्हणून त्यांची फाईल पडून राहते, याचा मला फार त्रास होतो.

सार्कबद्दलही (दक्षिण आशियाई देशांची संघटना) लिहिते, कारण हा फक्त दोन देशांचा मामला नाही. ५ जानेवारी २००२ला काठमांडूच्या शिखर परिषदेत स्त्रिया आणि बालकांच्या तस्करीविरुद्ध करार झाला. पण तो फक्त वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या तस्करीबद्दल आहे. घरकामात, कारखान्यात, जबरदस्तीच्या लग्नात अडकलेली बाई त्यात बसत नाही. विधिज्ञांनी मीरा रोडचं जे सांगितलं त्याचं मूळ इथपर्यंत जातं. तो सुधारायचा तर शिखर परिषद भरायला हवी, आणि २०१४नंतर सार्कची शिखर परिषद भरलेलीच नाही.

@रानजाई, तुमचा मुद्दा मान्य आहे आणि तो मी सुरुवातीलाच लिहायला हवा होता. सज्ञान बाईला विचारलंच पाहिजे. पण आजच्या कार्यपद्धतीत 'परत जायचं नाही' असं म्हणणाऱ्या परदेशी बाईसाठी जागाच नाही. तिला इथे राहायचा परवाना कोण देणार? आणि इथे जन्मलेल्या मुलांचं तर विचारू नका. ३ डिसेंबर २००४नंतर जन्मलेल्या मुलाच्या आईबापांपैकी एकजण जरी बेकायदा स्थलांतरित असेल तर त्याला भारतीय नागरिकत्व नाही. बापाचं नाव बहुतेक वेळा माहीत नसतं. बांगलादेशने २००९मध्ये आईकडूनही नागरिकत्व मिळेल अशी दुरुस्ती केली, म्हणून निदान आईबरोबर त्या मुलाचा परवाना निघू शकतो. एका आईने मला विचारलं होतं, तिकडे शाळेत याच्या बापाच्या नावाच्या रकान्यात काय लिहू? मी तिच्या समुपदेशक ताईंना बोलावून आणलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रानजाई

शिउली, उत्तर पटलं. विचारायची पद्धत तरी सुरू करा. तिचं म्हणणं तिच्या भाषेत फाईलला लागलं तर मॅजिस्ट्रेटला ते वाचावं लागतं. आज परतीच्या फायलीत सगळ्यांचे शेरे असतात, तिचा नसतो.

अबोली७

शेवटचं विचारते. आमच्या सोसायटीत एका घरी एक मुलगी आहे. बाहेर येत नाही, भाषा वेगळी, वय कमी वाटतं. पोलिसांना सांगितलं तर तिलाच उचलून नेतील या भीतीने मी गप्प आहे. काय करावं?

विधिज्ञ_ठाणे

गप्प राहू नका. वय कमी वाटत असेल तर थेट १०९८ला फोन करा. सज्ञान वाटत असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन, आणि मारहाणीचे आवाज येत असतील तर ११२. स्वतः त्या घरी जाऊन जाब विचारू नका, तिला रातोरात हलवतील. सोसायटीच्या ग्रुपवर तिचा फोटो किंवा वर्णन टाकू नका. तिच्यावर बलात्कार झाला असेल तर तिची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२खाली गुन्हा आहे.

तक्रार करताना 'बांगलादेशी राहते' असं लिहू नका, तुम्हाला ते ठाऊकही नाही. 'कोंडून ठेवून काम करून घेत असल्याचा संशय आहे' असं लिहा आणि पोलिसांच्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाला कळवावं अशी विनंती करा. पहिल्या ओळीत काय लिहिलंय यावर ती पीडित म्हणून नोंदली जाते की आरोपी म्हणून, ते बरंचसं ठरतं.

आणि वकिलाची काळजी नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७च्या कलम १२प्रमाणे मानवी व्यापाराच्या पीडितेला मोफत वकील मिळतो. तिथे उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातच प्राधिकरणाचं कार्यालय असतं. ठाणे जिल्ह्यात असाल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी बरोबर येईन.

शिउली

@अबोली७, ती बंगाली बोलत असेल तर मलाही व्यनि करा. पहिल्या जबाबाच्या वेळी दुभाषी असला तर फार फरक पडतो. उद्याही येऊ शकते.